घोटा बरा होईपर्यंत

असीरगडाच्या पायऱ्यांवर एक उंच, गोरा माणूस पाय धरून बसला होता आणि माकडांना इंग्रजीत शिव्या देत होता. मी हसू दाबलं. मग त्याचा घोटा दिसला... आणि हसू आपोआप गेलं.

"हलू नकोस. मी फिजिओथेरपिस्ट आहे."

"आणि मी बॅडमिंटन खेळतो," तो कळवळत म्हणाला. "दोघांचीही सुट्टी वाया गेली!"

त्याची हिंदी हैदराबादच्या लीगमध्ये शिकलेली, माझी बऱ्हाणपूरची. सोयीसाठी मराठीतच सांगते.

मी ओढणीने घोटा बांधला. त्याचं नाव लासे, डेन्मार्कचा. सतराव्या वर्षापासून देशोदेशी खेळत होता, पण शहरं पाहिली ती विमानतळ ते हॉटेल आणि हॉटेल ते कोर्ट एवढीच. इंदूरची स्पर्धा संपल्यावर पहिल्यांदा किल्ला बघायला म्हणून आला, तर माकडाने धांदल उडवली आणि पायरीवर पाय मुरगळला.

"महिन्याने माझ्या गावात स्पर्धा आहे. शेवटची. तिथं खेळून थांबायचंय मला... जमेल?"

"माझं ऐकलंस तर."

तो बऱ्हाणपुरातच लॉजवर राहिला आणि राजपुरा भागातल्या माझ्या दवाखान्यात रोज येऊ लागला. बर्फ, पट्टी, व्यायाम. मावा जिलेबी पुढे केली तरी थँक्यू, मी रागावले तरी थँक्यू.

"किती आभार मानतोस रे?"

"आजवर याच पायावर जगलो. पण त्याला इतक्या मायेने कुणी हात लावला नव्हता."

मी पट्टी जरा जास्तच आवळली. कान तापले होते माझे...

घोटा सुधारत होता आणि माझा जीव खालीवर होत होता. बरा झाला की हा जाणार. आणि बरा करणारी मीच!

एका संध्याकाळी त्याला घरी आणलं. अंगणात कपड्यांच्या दोरीवरून आम्ही हळूहळू खेळलो. एक शटल दोरीला लागून माझ्या बाजूला टपकलं. त्याने लगेच हात वर केला.

"हे काय?"

"नशिबाने पॉइंट मिळाला की आम्ही माफी मागतो."

"कमालच आहे! नशिबाने मिळालं तर हात जोडावेत."

त्याने रॅकेट काखेत धरली आणि खरंच हात जोडले — माझ्याकडे बघत. "मग त्या माकडांचे आभार. योगिता, मला... तुझ्याशी लग्न करायचंय."

माझा होकार ओठांवरच होता. पण ओट्यावर बाबा बसले होते.

"हा करते काय?"

"बॅडमिंटन खेळतो, बाबा."

"खेळते ते समजलं. घरी कवा राहते?"

"वर्षातून महिनाभर," लासेने खरं सांगितलं. "पण आता शेवटची स्पर्धा."

"शेवटची शेवटची म्हनत अजून एक खेळशीन. केळीलेही रोज पानी लागते भाऊ, ही तं मानूस आहे."

लासेने मान खाली घातली. खोटं बोलणं त्याला जमतच नव्हतं. चारच दिवसांनी तो स्पर्धेसाठी डेन्मार्कला गेला, आणि अजिबात न लंगडता गेला.

फायनल आमच्याकडच्या संध्याकाळी होती. मोबाइलवर बाबाही डोकावले. आधी नुसते डोकावले, मग "मार! अरे, मार ना!" तो जिंकावा असं मला मनापासून वाटत होतं. जिंकला तर तो खेळतच राहील, ही भीतीही होती. लासे त्या पायावर बिनधास्त उड्या मारत होता आणि दोन गुणांनी हरला.

बाबा हळहळले. "पाय बरा आहे ना त्याचा?"

तेवढ्यात व्हिडिओ कॉल आला. घामाघूम लासे, पण हसत होता. "हरलो. कोच म्हणतो, अजून एक वर्ष खेळ, पुढच्या वेळी नक्की जिंकशील." त्याने रॅकेट खाली ठेवली. "मी नाही म्हणालो. या खेळाने मला सगळं दिलं, योगिता. तुझ्यापर्यंतसुद्धा त्यानेच आणलं. आता पुरे."

बाबांनी फोन ओढून घेतला.

"लासे, ये भाऊ. आता घरी ये."

पलीकडे तो रडत होता, इकडे मी. आणि बाबा स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडत होते, "अवं योगिताची माय, जावयाले खायाले काय आवडते, इचारून ठेव!"