उजवीकडचा लाल दिवा

खरं मानायचं की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. धम्मदीप माझा मावसभाऊ. बढाई मारणं त्याच्या रक्तात नाही आणि कल्पनाशक्ती तर त्याहून नाही. तो सेफ्टी इंजिनियर आहे.

वेस्ट व्हर्जिनियातली कोळशाची खाण. गेल्या एप्रिलमधला मंगळवार. वेळ भर दुपारची.

जमिनीखाली दुपारला कोण विचारतं म्हणा!

धम्मदीप मूळचा बल्लारपूरचा, त्यामुळे कोळसा त्याला नवा नाही. या खाणीत मात्र तो लागला रसेल नावाच्या कामगारामुळे. रसेल मेला, तेव्हा कंपनीला सेफ्टी आठवली.

तिथे कोळसा कापणारं मशीन रिमोटवर चालतं. प्रत्येकाच्या पट्ट्याला एक छोटी पेटी असते. पेटीवाला माणूस मशीनजवळ आला की पेटी टिकटिकते, मशीनवर लाल दिवा लागतो आणि मशीन जागच्या जागी थांबतं. माणूस वाचतो, पण काम खोळंबतं. म्हणून लोक पेटी काढून भिंतीतल्या खिळ्याला टांगायचे. वर कंपनीकडून ‘अपघातमुक्त महिन्या’चं बक्षीस म्हणून जॅकेटही मिळवायचे! बोट चेचलंच, तर घरी दारात सापडलं म्हणून सांगायचं.

रसेलची पेटीही खिळ्यालाच होती. मशीन वळलं. तो उजवीकडे, भिंतीला लागून उभा होता.

त्या मंगळवारी तेच मशीन अचानक थांबलं.

लाल दिवा... उजवीकडचा.

“कोण आहे रे तिकडे?” ऑपरेटर वेड ओरडला.

कुणीच नव्हतं.

धम्मदीपने सगळ्यांना मागे बोलावलं. सगळ्यांच्या पेट्या उतरवून ट्रॉलीत टाकल्या आणि ट्रॉली लांबच्या बोगद्यात पाठवून दिली. आता दिवा विझायला हवा होता.

विझला नाही.

वरून मॅनेजर कर्टिसचा फोन आला. “सेन्सर गंडलाय, दीप. बायपास कर.”

“आधी चेक करतो.”

“कर ना. बरं, तुझ्या ग्रीन कार्डचे पेपर माझ्याच टेबलावर आहेत. घाई नाही ना?”

किती गोड विचारलं बघा.

धम्मदीपने बायपासचा कोड टाकला. त्या वेळी काहीच वाटलं नाही, म्हणतो. बोटं दुसऱ्याच कुणाची असावीत, तशी चालली.

दिवा विझला.

वेड केबल ओढायला उजवीकडे निघाला. “शुक्रवारी जॅकेटचा फोटो काढू. तुला लहान मुलांचं बसेल ना, दीप?”

टिक...

वेड थबकला.

टिक... टिक...

पेटीचा आवाज. पेट्या तर लांब होत्या.

आवाज अंधारातून येत होता. सावकाश. एखादा माणूस पट्ट्याला पेटी लावून चालत यावा, तसा. वेड आणि भिंत यांच्यामध्ये येऊन तो थांबला.

बंद केलेला दिवा... पुन्हा लाल झाला.

“वेड, मागे ये.”

“कुणी नाहीये तिथे, दीप.”

“माहितीये. मागे ये!”

वेड मागे आला, आणि उजवीकडची भिंत सुटली. कडकड नाही, काही नाही. ट्रकएवढा कोळसा, वेड उभा होता तिथेच.

धूळ बसली. टिकटिक थांबली होती.

रिपोर्टात ‘सेन्सर बिघाड, जखमी शून्य’ असं गेलं. शुक्रवारी जॅकेटं वाटली. वेडने जॅकेट घेतलं, फोटोला मात्र आला नाही. पेटी आता कुणीच खिळ्याला टांगत नाही.

रसेलची पेटी धम्मदीपच्याच ऑफिसात, ड्रॉवरमध्ये आहे. बॅटरी काढलेली. त्या मंगळवारनंतर त्याने तो ड्रॉवर उघडलेला नाही.

मागच्या महिन्यात तो टेक्सासमध्ये, अर्विंगला बहिणीकडे, जागृतीकडे आला होता. मीही तिथेच होतो. दुकानातून सामान घेऊन निघालो. तो गाडी चालवायला बसला, ती शेजारी, मी मागे उजवीकडे. रिव्हर्स टाकला आणि सेन्सर वाजायला लागला.

बीप... बीप...

“दादा, मागे कुणी नाहीये. घे ना.”

धम्मदीपने ब्रेकवरचा पाय काढला नाही.

“अरे, लोक हॉर्न मारतायत!”

“मारू दे.”

चेहरा अगदी कोरा. स्क्रीनवर लाल पट्टी होती... उजवीकडची.

मी काचेतून पाहिलं. त्या बाजूला पार्किंगची रिकामी जागा, ऊन आणि सामानाची एक उलटी पडलेली कार्ट.

बीप मात्र जवळ येत होती.

मी सरकून मधे बसलो. अजूनही कुणाच्या गाडीत मागे बसलो, तर मधेच बसतो.