बेचाळिसावा भाग

वहिनींचा फोन आला तेव्हा मी चष्मा पुसत होतो. निवृत्त माणसाला दुपारी एवढं एक काम पुरतं.

"भाऊजी, हे आज वाचत नाहीयेत," त्या म्हणाल्या.

'हे' म्हणजे माझे थोरले बंधू. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली. वहिनींची नजर अधू झाली तेव्हा दादांनी एक जाडजूड कादंबरी स्वतःच्या आवाजात वाचून घरच्या छोट्या सर्व्हरवर साठवली होती. एक्केचाळीस भाग. शेवटचं प्रकरण तेवढं राहिलं. रोज तीनला वहिनी ऐकत. आज आवाज नव्हता. पुतण्याने फोनवरच निकाल दिला होता: डिस्क गेली, संध्याकाळी येऊन सगळं पुसतो आणि नव्याने बसवतो. पुसल्यावर आई काय ऐकणार, हे त्याच्या गावीही नव्हतं.

मी लगेच त्यांच्या घरी पोचलो. सर्व्हर जिन्याखालच्या कोठीत. खिडकी नाही, दिवा गेलेला. जुना मॉनिटर आणि कीबोर्ड, बाकी काही नाही. माईक तर नाहीच. तापलेल्या धुळीचा वास होता आणि त्यात लवंगेचा. दादांच्या दाढेखाली कायम लवंग असे. दोन वर्षांत वास जायला हवा होता, पण आमच्या घराण्यात एकदा बसलेलं कोणी लवकर उठत नाही.

या यंत्रात प्रत्येक कामाचा वेगळा बंद डबा असतो, त्याला कंटेनर म्हणतात. वाचनाचा कंटेनर सुरू होई, पंखा खोल श्वास घेई आणि दहा सेकंदांत सगळं थंड. मग पुन्हा तोच श्वास. अंधारात तो अगदी कानाशी येत होता...

चौतीस वर्षं मी लोकांच्या फाइली वाचल्या. यंत्राचा लॉग, म्हणजे त्याची नोंदवही, ही तशीच एक फाइल: तक्रार सगळ्यांची, सही कोणाचीच नाही. दोनशे ओळींच्या रडगाण्याखाली एक प्रामाणिक ओळ सापडली. 'ही जागा आधीच व्यापलेली आहे.'

मानेवर काटा आला. ती ओळ मी मोठ्याने वाचली असावी, कारण दाराबाहेरून वहिनींनी हळूच विचारलं, "कोण बसलंय तिथे?"

"बघतो..." माझा आवाज मलाच बारीक वाटला.

चालू कंटेनरांची यादी मागवली. मूळ कंटेनरच्या जागेवर ऐटीत बसला होता तो 'वाचन – कार्यालयीन प्रत'. करणारा मीच. कुठल्याही कागदाची एक प्रत आपल्याकडे असावी, या जुन्या खोडीने गेल्या आठवड्यात मी कंटेनरची हुबेहूब नक्कल केली होती, पोर्टच्या, म्हणजे यंत्रातल्या त्याच्या जागेच्या, आकड्यासकट; आवाजाच्या फाइली तेवढ्या तिच्यात नव्हत्या. सकाळी वीज गेली, परत आली, आणि नक्कल आधी उठून साहेबांच्या खुर्चीत बसली. गुन्हेगार आणि चौकशी अधिकारी एकच असल्याने प्रकरण लगेच निकाली निघालं. नक्कल बंद केली. मूळ कंटेनर सुरू केला. दहा मोजले. अकरा. बारा. श्वास थांबला नाही.

"सापडलास, लबाडा," मी म्हणालो आणि धुळीने दोनदा खोकलो.

पुतण्याला कळवलं की डिस्क ठणठणीत आहे, येताना रिकाम्या हाताने ये. "बरं, काका," तो म्हणाला. निरोप समारंभातल्या सगळ्या भाषणांपेक्षा ते दोन शब्द मला गोड लागले.

दादांचा आवाज घरभर पसरला. वहिनी हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या. मी चहाचा कप घेऊन, किल्ला सर केल्यासारखा, खुर्चीत रेललो.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "हे शेवटचं प्रकरण आहे. मी कधीच ऐकलेलं नाही."

मी उठून भागांची यादी पाहिली. बेचाळीस भाग.

दादा संथपणे वाचत होते. दोन वाक्यांच्या मधे, त्यांच्यामागे कुठेतरी, कीबोर्डची टकटक ऐकू येत होती. मग कोणीतरी म्हणालं, "सापडलास, लबाडा," आणि दोनदा खोकलं.

दादा क्षणभर थांबले. लवंग या गालातून त्या गालात गेल्याचा बारीक आवाज आला. मग ते पुढे वाचू लागले.