एकाच तारखेच्या दोघी

हॉलंडातल्या आइंडहोवनला एप्रिलात बर्फ पडला, त्या दिवसाची ही गोष्ट. ट्यूलिप उमललेले होते आणि त्यांच्या लाल वाट्यांत पांढरं साचत होतं.

चंद्रहास आबा लेकाकडे तीन महिन्यांसाठी आले, विमानं बंद पडली आणि बघता बघता वर्ष उलटलं. आज नातीचा, निशीचा, सहावा वाढदिवस. पण तिच्या वर्गात कुणाला तरी कोरोना निघाला आणि सगळी पोरं आपापल्या घरात कोंडली गेली. निशी सकाळपासून खिडकीला नाक लावून बसली होती.

"नोबडी विल कम, आबा."

आबा तिच्याशेजारी येऊन बसले.

घरच्या संडासात एक कॅलेंडर टांगलेलं होतं, आधीच्या भाडेकरूंचं. इथली रीतच तशी. सगळ्यांचे वाढदिवस तिथे लिहायचे, म्हणजे रोज नजर पडते. त्यात वार नसतात, म्हणून ते जुनं होत नाही. सूनबाई फेकायला निघाल्या, तेव्हा आबाच म्हणाले होते, "माणसांची नावं कचऱ्यात टाकू नयेत, पोरी." निशीच्या तारखेला त्यात आधीच एक नाव होतं, पेन्सिलीनं, लहान मुलाच्या अक्षरात. निशीनं वाचून दाखवलं होतं : फेमके, १९६४.

"निशे, त्या फेमकेचाही आजच की गं. तिलाही ओवाळू या?"

निशी खुदकन हसली. आबांना तेवढंच हवं होतं.

दुपारी सूनबाई वरच्या खोलीत मीटिंगला बसल्या. आबांनी दोन उशा मांडल्या, निरांजन लावलं, निशीला ओवाळलं. मग रिकाम्या उशीपुढे ताम्हण धरून, पंगतीला बोलावतात तशी हाक घातली, "फेमके, ये बाळ. बसून घे."

बाहेरचा बर्फ थांबला. फ्रिजची घरघर थांबली. कुठून तरी ओल्या लोकरीचा वास आला...

निशी दाराकडे बघत जरा सरकली, जागा देतात तशी.

"कोण गं?"

"शी इज शाय..."

आबांना कुणी दिसेना. पण उशी मधोमध दबली होती आणि ज्योत तिकडे झुकली होती. तरी त्यांनी ताम्हण मागे घेतलं नाही. बोलावलं आपणच, पाहुणी आली, आता कपाळ कोरं कसं ठेवायचं? त्यांनी कुंकवाचं बोट हवेत पुढे केलं.

बोटाला गार कपाळ लागलं.

"आबा," निशी कुजबुजली, "ती विचारते... तुमचा बर्थडे कधी?"

"आमचा कुठला गं बाळ! आई म्हणायची, हुरड्याचे दिवस होते. गुरुजींनी एक जून लिहून टाकला. खरी तारीख कुणालाच ठाऊक नाही."

निशीनं शेजारी कान दिला.

"शी नोज."

फ्रिज पुन्हा घरघरू लागला. दबलेली उशी सावकाश वर आली. आबांनी दार उघडून पाहिलं. पायरीवरचा बर्फ कोरा होता, चिमणीचंही पाऊल नव्हतं. निशी मात्र गाणी म्हणत घरभर नाचत होती.

संध्याकाळी आबा संडासात गेले, तर कॅलेंडरचं पान एप्रिलचं नव्हतं. डिसेंबर उघडा होता, हुरड्याच्या दिवसांतला. एका तारखेपुढे पेन्सिलीचं नवं अक्षर होतं, तेच लहान मुलाचं. आबांना तिथली भाषा वाचता येत नसे, पण पासपोर्टवरचं आपलं नाव ते ओळखत.

बाकी प्रत्येक नावापुढे साल होतं; ते जन्माचं की जाण्याचं, हे आबांनी कधी विचारलं नव्हतं. त्यांच्या नावापुढे नव्हतं. चार आकडे मावतील एवढी जागा तेवढी सोडलेली होती.