हलीमाबीची हाक

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी सुंबुल मुंबईहून आली, ती मोजमापाची वही घेऊनच. आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला होती, आणि आईच्या माहेरची सगळी घरं कागदावर उतरवायचं तिच्या मनात होतं. दिलावर मुकादमांना नातीचं भारी कौतुक. सत्तरी उलटलेली, गुडघे कुरकुरणारे, तरी दिवसभर तिच्याबरोबर महाडात हिंडले.

पहिलं घर सावित्रीच्या काठी, जुन्या बंदरावर. आता तिथे नुसतं जोतं उरलंय आणि त्यावर माजलेली टणटणी. मुकादम मूळचे खाडीकाठच्या तुडील गावचे. होडीत मीठ आणि सुकी मासळी भरून महाडला यायचे. त्या काठाला कुणी वस्ती करत नव्हतं, तेव्हा दिलावरांच्या पणजोबांनी तिथे कुडाचं घर घातलं. त्यांचा दिवा दिसायला लागला, मग शेजार आला, मग गल्ली झाली.

आणि मग पूर आला. पणजोबांची बायको हलीमाबी दारोदार हाका मारत फिरली, सगळ्या गल्लीला चढावर पाठवलं. ती स्वतः मात्र मागे राहिली. नदीने तिला परत दिलंच नाही, आणि त्या पुरात वाहून गेलेल्या इतरांनाही नाही.

दुसरं घर बाजारपेठेत, चिऱ्याचं, वर माळा असलेलं. जिन्यात बसून दिलावरांनी नातीला पुढची हकिकत सांगितली. दोन हजार पाचच्या पुरात ते आणि बेगम खाली गाढ झोपले होते. कानाशी बाईमाणसाची हाक आली, वर या. दोघंही धडपडत माळ्यावर गेले, आणि मागोमाग पाणी जिना चढलं. एकवीस सालीही तेच झालं. तोच आवाज, तेच शब्द. तेव्हापासून बेगम शब-ए-बरातीला, गेलेल्यांच्या आठवणीच्या रात्री, हलीमाबीच्या नावाने फातेहा देताना तिच्याशी चार गोष्टी बोलते, सासूशी बोलावं तशी.

"नाना, भीती नाही वाटली?"

"आपल्या माणसाची कसली भीती गो?"

एकवीसच्या पुरानंतर दिलावरांच्या मुलाने, सुंबुलच्या अर्शदमामाने, कुवेतहून पैसे पाठवून तिसरं घर बांधलं, गावाबाहेर डोंगराच्या सोंडेवर. बैठं घर, वर पत्रे. तिथून नदी बोटभर दिसते. पाणी इथवर कधी पोचायचं नाही, याच एका गोष्टीवर बेगमने पेठ सोडली होती.

संध्याकाळी तिघं त्या घरात होती. मगरीबची नमाज झाली होती. बेगम चुलीपाशी तांदळाच्या भाकऱ्या थापत होती, सुंबुल ओट्यावर बसून नकाशात पेठेतला जिना काढत होती. बाहेर गवत वाळून पिवळं पडलेलं, महिनोन्‌महिने थेंब नाही. वारा पडला होता. खालच्या हायवेवरचे ट्रकसुद्धा कसे कोण जाणे, ऐकू येईनासे झाले. दिलावरांच्या नाकाला गाळाचा वास आला. ओल्या, कुजट, ओळखीच्या गाळाचा.

बेगमचा हात परातीतच थांबला.

"खाली जा…"

आवाज हलका होता, पण तोच, पुरातला. आतल्या खोलीतून आला होता.

सुंबुलने मान वर केली. "नानी, आत कोण आहे?"

दिलावर आतल्या खोलीच्या दाराकडे बघत राहिले. दार उघडंच होतं. आत पलंग, त्यावर घडी घातलेली गोधडी, खिडकीत उजेडाची शेवटची तिरीप. माणूस नव्हतं.

"खाली जा गो… पोरीला घेऊन जा…"

या वेळी त्या आवाजाला दम लागला होता. जड दार पाठीने रेटून धरलेलं माणूस बोलतं, तसा.

बेगमने तवा उतरवला, चुलीवर पाणी ओतलं. दिलावरांनी नातीचा हात धरला. घराला कुलूप लावून तिघं बॅटरीच्या उजेडात पायवाटेने उतरली. मागे वळून कुणी बघितलं नाही. पेठेतल्या रिकाम्या घराच्या माळ्यावर त्यांनी रात्र काढली. सुंबुल नानीच्या कुशीत लहान मुलीसारखी झोपली.

सकाळी ऊन पडलं तशी दिलावरांना शरम वाटायला लागली. म्हातारपणी आपण नातीला उगाच घाबरवलं, असं ते दोनदा म्हणाले. वाटेत श्रीपत गुराखी भेटला. रात्रभर तो डोंगरावरच, त्यांच्या घराशेजारच्या गोठ्यात होता. वर काही झालं का विचारलं, तर म्हणाला, काय व्हायचंय, कुत्रंसुद्धा भुंकलं नाय.

डोंगर जागच्या जागी होता. घरही. अंगणात धूळ, धुळीत कालची त्यांचीच पावलं. दिलावरांनी कुलूप काढलं आणि दार ढकललं. ते सरकेना. खांदा लावला तेव्हा वीतभर उघडलं, आणि फटीतून काळा गाळ उंबऱ्यावर आला.

आत सगळीकडे गाळ होता. भाकऱ्यांची परात आडव्या पडलेल्या कपाटाखाली अडकली होती. चारही भिंतींवर माणसाच्या गळ्याच्या उंचीला पाण्याची सरळ रेघ उमटली होती. खिडक्या बंद होत्या. बाहेरून भिंती कोरड्या ठणठणीत, हात लावला तर चुना हाताला लागत होता.

सुंबुलला रडू फुटलं. बेगम मात्र आतल्या खोलीकडे बघत होती. काल उघडं टाकलेलं ते दार आता बंद होतं. दिलावरांनी ढकलून बघितलं. आतून कडी होती.

"आपण खाली आलो," बेगम हळूच म्हणाली. "ती इथंच राहिली हो…"

दिलावरांनी दाराला कान लावला.

आत पाणी होतं. काठोकाठ भरलेल्या डोहाला असतो, तसा त्याला जड, दबका आवाज होता. आणि त्या पाण्यातून कुणीतरी सावकाश चालत, दाराकडे येत होतं.

"हलीमाबी?" त्यांनी विचारलं.

पावलं थांबली. एक नव्हे, पुष्कळ पावलं थांबली.