मेटाडोरची घरभरणी

वसईतल्या निर्मळ गावच्या प्लासिडकडं एक जुनी मेटाडोर होती. वाडीतली केळी नि सोनचाफा घेऊन दादरला जायची, नि येताना रिकामी खडखडत यायची. त्र्याऐंशी साली ईस्टर झाला नि प्लासिडनं त्या गाडीत घर बांधायला घेतलं. दोन बाकडी, वर कापसाच्या गाद्या, कोपऱ्यात स्टो, काचांना बायकोच्या, रेजिनाच्या, जुन्या लुगड्याचे पडदे. ड्रायव्हरची सीट नि मागची खोली यांच्यामध्ये प्लायवूडची फळी, नि फळीला हात जाईल एवढी खिडकी. चहाचा कप पुढं द्यायला.

रोज संध्याकाळी ओट्यावर नकाशा पसरायचा. वसई फाटा, भिवंडी, कसारा घाट, घोटी, नि तिथून भंडारदरा.

"धरणाचं तळं एवढं मोठं, की पलीकडचा डोंगर पाण्यात उलटा दिसतो," प्लासिड सांगायचा. "गाडी काठाला लावायची, मागचं दार उघडायचं, नि गादीवर पडून बघायचं."

"तुम्ही कधी बघितलं?" रेजिना विचारायची.

"ट्रकवाल्यांनी बघितलंय की."

"मग त्यांच्याच बायकांना न्या."

पॉलिन हसायची. हसली की प्लासिड तिच्याकडं बघत राहायचा. एकुलती एक पोर. जूनमध्ये सिस्टर व्हायला कायमची कॉन्व्हेंटात जायची होती, पेटीसुद्धा भरून झाली होती. रेजिनानं मन घट्ट केलं होतं. प्लासिडनं नाही. चार दिवस तिघं एका छपराखाली फिरलो, तर पोरीचं मन फिरेल, असं त्यानं धरलं होतं. बोलला कुणाला नाही, पण ठाऊक सगळ्यांना होतं.

आता आमच्याकडं नवी गाडी आली की ती चर्चसमोर उभी करतात. फादर बाहेर येतात, पवित्र पाणी शिंपडतात, दोन मिनिटांत काम होतं. घराचं तसं नसतं. घरासाठी फादर घरी येतात, कोपरान् कोपरा शिंपडतात, मोठी प्रार्थना, मग जेवणं. प्लासिडनं फादरांना वाडीतच बोलावलं.

"गाडी आशीर्वादित करू का घर?" फादरांनी हसून विचारलं.

"घर करा फादर. राहणार हाय आम्ही तिच्यात."

"अरे, त्या प्रार्थनेत प्रवासाचं काय नाय. ह्या माणसांनी इथंच सुखानं नांदावं, कुणी ह्या घराला अंतरू नये, असं हाय त्यात."

"तेच म्हणा," प्लासिड बोलला. पॉलिनकडं बघायचं त्यानं टाळलं.

मग सगळी वाडी जेवली. रेजिनानं वड्यांचा डोंगर केला होता.

मे महिन्यात एका सोमवारी, उजाडल्यावर, ते निघाले. शेजारचा काळूराम वाडीला पाणी लावायला थांबला. प्लासिड पुढं एकटा, मायलेकी मागं.

भिवंडी ओलांडली तेव्हा फळीच्या खिडकीतनं रेजिनाचा आवाज आला. "अवो, गाडी का थांबवलीत?"

"थांबवली? पन्नासनं चाललीय."

"मग आपली विहीर कशी दिसते?"

प्लासिड हसला. "लगेच घर आठवलं काय गो?"

"नाय पप्पा," पॉलिन बोलली. तिचा आवाज बारीक झाला होता. "पडदा सारून बघितला मी. केळी हायत. दोरीवर मम्मीचा गाऊन वाळतोय."

त्यानं गाडी कडेला घेतली, उतरला. ट्रक जात होते, धूळ उडत होती, टायर जळल्यासारखा वास होता. मागच्या काचेवर ऊन एवढं चमकत होतं की आतलं काही दिसेना. परत सीटवर चढून त्यानं खिडकीतनं मागं बघितलं. दोघी बसलेल्या. दोघींच्या तोंडावर हिरवा उजेड. केळीच्या पानातनं येतो तसला.

"परत फिरा," रेजिना बोलली.

"उन्हाचं काहीतरी असेल. घाट लागू दे."

घाट लागला. वळणावळणाला प्लासिड दारावर आपटत होता. त्यानं एकदा मागं बघितलं. स्टोवर पातेलं होतं, काठोकाठ चहा. त्या चहाला साधी थरथर नव्हती. त्यानंतर घोटी येईपर्यंत त्यानं मागं बघितलं नाही.

भर दुपारी तळं आलं. ट्रकवाले खोटं बोलले नव्हते. डोंगर खरंच पाण्यात उलटा. वारा असा गार की प्लासिडच्या डोळ्यांना पाणी आलं. तो धावत मागं गेला नि दार उघडलं.

"उतरा! बघा तरी!"

आत कुणी नव्हतं. गाद्यांवर बसल्याचे दोन खळगे होते. पातेल्याला हात लावला, चटका बसला.

तो धावत पुढं आला, खिडकीत तोंड घातलं. दोघी तिथंच.

"आत्ता मी दार उघडलं!"

"तुम्ही नाय पप्पा. मी उघडलं," पॉलिन बोलली. "मी उतरले होते."

"कुठं?"

"वाडीत. घराला कुलूप हाय. काळूकाका नाय. रस्त्यावर कुणीच नाय. एक कावळा पन नाय."

प्लासिडनं खिडकीतनं हात घातला. तिनं धरला. हात तिचाच, उबदार, बोटावर सुईचे टोचे असलेला. त्याला एवढंच सुचलं, की जिथनं निघालो तिथं गाडी नेली की जुळेल सगळं. त्यानं तळ्याकडं पाठ केली.

वाटेत रेजिना दोनदा बोलली, "मोठ्यानं बोला, ऐकायला येत नाय." प्लासिड तर ओरडत होता.

ऊन उतरताना गाडी वाडीत शिरली. सकाळच्याच चाकोरीत त्यानं ती उभी केली. काळूराम विहिरीवरनं आला, मागच्या काचेतनं वाकून बघितलं, नि पुढं येऊन उभा राहिला.

"रिकामीच आनलीस? वैनी नि पोर कुठं सोडलीस रं?"

प्लासिड उतरला नाही. खांद्यापर्यंत हात खिडकीत घालून त्यानं पोरीचा हात शोधला.

"आलो घरी. मी सांगेपर्यंत उतरू नका."

पॉलिन दुसरीकडं बघत होती. "पप्पा, घराचं दार उघडलं."

प्लासिडच्या समोर घर होतं. दाराला कुलूप होतं. किल्ली त्याच्या खिशात होती.

"कोण हाय दारात?"

तिनं पडदा आणखी सारला.

रेजिना उठली. केस सारखे केले. "आले, आले," ती बाहेर बघून बोलली. रोज त्याच्या हाकेला ओ द्यायची तशीच.

"रेजिना! मी इथं हाय!"

पॉलिन खिडकीशी वाकली. त्याच्याकडं नीट बघितलं. परक्या माणसाकडं बघावं तसं, पण अदबीनं.

"पप्पा तर पायरीवर उभे हायत. जेवायला बोलावतायत. मग तुम्ही कोण?"

तिनं हात सोडवून घेतला.

मागचं दार उघडलं. दोघींची पावलं उतरली.

काळूराम समोरच उभा होता, काचेपलीकडं.

मागचं दार कुणीतरी लावलं. आपटलं नाही. आधी दाराच्या कडेवरनं हात फिरल्याचा आवाज आला, पोरीचं बोट तर चेमटत नाही ना बघायला. मग हळूच लावलं. तसं ते फक्त प्लासिड लावायचा.