काशीराममामाच्या जागेची माती

मूठभर माती आणायची होती. बस्स! तेवढ्यासाठी आम्ही तिघे भर श्रावणात लांज्याच्या पूर्वेकडच्या रानात शिरलो, आणि तिघेही धडपणे घरी पोहोचू की नाही अशी वेळ आली.

माती कुठली, तर माझ्या काशीराममामाच्या अळंबीच्या जागेची. कोकणातला माणूस एक वेळ घराची किल्ली हातावर ठेवेल, पण अळंबी कुठे उगवते ते सांगणार नाही. मामाची जागा तर त्याच्या बायकोलाही ठाऊक नव्हती! पाऊस चांगला मुरला की एके सकाळी तो एकटाच गायब व्हायचा आणि टोपली भरून परतायचा. सगळी अळंबी हौसामामीसाठी. तिला त्या भाजीचं वेड. ताजी खाऊन उरलेली ती चुलीच्या धगीवर वाळवून बरणीत भरायची आणि वर्षभर कालवणात घालायची. मामा स्वतः एक घास घेईल तर शपथ! "तिला आवडते ना," एवढंच त्याचं म्हणणं.

आणि आता मामीची मूत्रपिंडं निकामी होत चालली होती. डॉक्टरांना कारण सापडेना. मी रत्नागिरीला माती तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. मनात शंका आली म्हणून मामीच्या बरणीतली अळंबी तपासली, आणि हादरलेच. कॅडमियम! मूत्रपिंडांचा हा जुना वैरी.

अळंबीची आपल्याला दिसते ती नुसती छत्री. खरी अळंबी मातीखाली, पांढऱ्या धाग्यांच्या जाळ्यात पसरलेली असते. हे धागे मातीतलं तांबं, जस्त, जे मिळेल ते ओढून घेतात आणि वर छत्रीत साठवतात. बरं-वाईट त्यांना कळत नाही. मातीत थोडं विष असलं तरी छत्रीत ते कितीतरी पट चढू शकतं. म्हणून मी मामाच्या मागे लागले, त्याने दाखवलेल्या जागेची माती आणली आणि तपासली. माती स्वच्छ!

"बघ, माती साफ निघाली. मग अळंबीचा काय दोष?" मामा म्हणाला. मामी जेवण टाकून पडली होती. तिला अळंबीशिवाय काही गोड लागत नव्हतं, आणि हा पुन्हा टोपली काढून निघाला होता. मी त्याच्या डोळ्यांत बघितलं. त्याने नजर चुकवली.

"मामा! तू मला खोटी जागा दाखवलीस?"

"मग काय खरी दाखवू गो दर्शना?" तो उलट माझ्यावरच खेकसला. "आमच्या आज्यानं कोणाला दाखवली नाय."

माझं डोकं असं फिरलं, की मी त्याच्या हातातली टोपलीच हिसकावली. बायको मरणाच्या दारात आणि याला जागेची पडलीय! शेवटी ठरलं: तो अळंबी आणणार, मी माती आणणार, दोन्ही एकाच जागेवरून, आणि तपासणी होईपर्यंत अळंबी शिजवायची नाही. माझा प्रयोगशाळेतला सहकारी रितेश दोरखंड घेऊन सोबत आला. तो मिरजोळ्याचा. सुट्टीत डोंगर चढतो आणि त्याबद्दल वर्षभर बोलतो.

सड्यावर, त्या उघड्या कातळपठारावर, पोहोचलो तेव्हा धुक्याने सगळं गिळलं होतं. पुढे मामाची पाठ दिसत होती, तीही मधेच नाहीशी व्हायची. पायाखाली शेवाळलेला कातळ, कातळाच्या खळग्यांत साचलेलं पाणी आणि काठाकाठाने फुललेली इवली निळी-जांभळी फुलं. एरवी मी तिथे तासभर बसले असते. पण सडा जिथे संपतो तिथे सरळ खाली घळ होती, आणि ती जागा धुक्यात कुणाला दिसणार?

"थांब!" मामाने हात आडवा धरला. माझ्या पुढच्या पावलाखाली काहीच नव्हतं. मामाने ढकललेला एक दगड खाली गेला आणि त्याचा आवाज फार उशिरा आला.

दोर बांधून, मुळं धरून आम्ही घळीत उतरलो. तळाशी पऱ्या, म्हणजे पावसाळी ओढा, वाहत होता, गुडघाभर, गढूळ. तो ओलांडून आम्ही पलीकडच्या झाडीत शिरलो, तर समोरची जमीन नांगरल्यासारखी उकरलेली!

"डुक्कर," मामा कुजबुजला. "ताजं हाय."

त्याचं वाक्य संपलं नाही तोच झुडूप फाटलं. काळं धूड थेट आमच्यावर! मी बाजूला उडी टाकली. मामाने कोयती झाडाच्या खोडावर ठणाठण आपटली, बोंब ठोकली. जनावर माझ्या पायाला घासून गेलं आणि पऱ्याच्या अंगाने दिसेनासं झालं. वळून बघते, तर आमचे गिर्यारोहक झाडावर.

"उतरा आता," मामा म्हणाला. "ते गेलं घरी."

रितेश उतरला. हसायची मात्र कुणाला ताकद नव्हती.

आणि मग ती जागा आली. मोठी जांभूळ, तिच्या एका अंगाला मोकळं आभाळ, पसरट वारूळ, आणि वारुळाभोवती अळंबीच अळंबी! पांढरीशुभ्र, काही कळ्या, काही उमललेल्या. मामा क्षणभर हात जोडून उभा राहिला. मलाही भरून आलं. इतकी सुंदर गोष्ट मामीला मारत असेल, हे पटेना.

मामा कोयतीने माती उकरायला वाकला. "लोखंड लावू नको, नमुना बिघडेल," मी म्हणाले आणि प्लास्टिकचा चमचा खुपसला. तो खट्कन अडला. दगड असेल म्हणून मी बोटांनी चाचपलं. हाताला आला तो गंजलेला, फुटलेला, पांढरट-हिरवा बुरा धरलेला बॅटरीचा सेल. त्याच्या शेजारी दुसरा. पलीकडे आणखी. वारुळाभोवती नुसतं रिंगण होतं त्यांचं!

"मामा, हे काय आहे?"

मामा गोंधळला. "दिवे गो. उन्हावर चालतात ते. आमचा पोरगा ओमकार आणायचा मुंबईवरनं. रात्री लागले की डुकरं लांब ऱ्हातात. नायतर एक अळंबी ठेवत नाय ती."

"बंद पडले त्यांचं काय केलंस?"

"वर टाकले तर कोणीतरी बघील, जागा कळंल. म्हणून ठेचले नि पुरले."

त्या जुन्या स्वस्त दिव्यांतल्या सेलमध्ये कॅडमियम असतं. वर्षानुवर्षं माझ्या मामाने आपल्या हातांनी ते या मातीत घातलं होतं, अळंबी राखायची म्हणून आणि जागा लपवायची म्हणून. तपासल्याशिवाय छातीठोक बोलणं माझ्या धंद्यात बसत नाही. पुढे तपासलं, आणि तेच निघालं. तिथे मात्र मी त्याला एवढंच सांगितलं, की विष या सेलमधून आलं असणार, ही अळंबी मामीला देऊ नकोस.

मामा ऐकत होता की नाही, कळेना. तो खाली बसला आणि खुडू लागला. टोपली शिगोशीग भरेपर्यंत त्याने मान वर केली नाही.

परत येतो तर पऱ्या पऱ्या राहिला नव्हता! वरच्या डोंगरात पाऊस कोसळला असावा. पाणी कमरेवर चढलं होतं आणि झाडांच्या फांद्या वाहून आणत होतं. थांबावं, तर ते आणखी चढत होतं. रितेशने सोबतचा दुसरा दोर कमरेला बांधला, पडत-धडपडत पलीकडे गेला आणि दोर कातळाला आवळला. त्या दोराला धरून मी गेले. मातीची डबी माझ्या छातीशी बांधलेली होती.

शेवटी मामा. एका हातात दोर, दुसऱ्या हातात टोपली.

"दोन्ही हात लाव!" रितेश ओरडला.

मध्यावर ओंडका आला. आदळला! मामाचे पाय सुटले. तो आडवा झाला, पाण्याखाली गेला, वर आला. दोरावर एकच हात. त्याची बोटं सरकताना मला दिसत होती.

"टोपली सोड, मामा!"

"हौसा उपाशी हाय गो!"

"तिला यानंच मारलंय!" मी जिवाच्या आकांताने किंचाळले. "तू घातलेल्या विषानं! सोड ती!"

एवढ्या पाण्याच्या गर्जनेतही त्याला ऐकू गेलं. त्याने माझ्याकडे बघितलं. ते बघणं मी विसरणार नाही. मग त्याने टोपली सोडली. पांढऱ्या छत्र्या पाण्यावर पसरल्या आणि वळणाआड गेल्या. दोन्ही हातांनी दोर धरून तो आला. आम्ही त्याला काठावर ओढलं, तेव्हा तो पाणी ओकत होता आणि ढसाढसा रडत होता.

घरी पोहोचलो तर अर्धी वाडी ओटीवर जमलेली. पऱ्याला पाणी आल्याचं कळलं होतं. मामी खाटेवर उठून बसली होती. चेहरा सुजलेला, पण डोळे दारावर. तिने मामाच्या रिकाम्या हातांकडे बघितलं.

"टोपली कुठाय?"

मामा तिच्या पायाशी बसला. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "घळीत उतरायचं, पऱ्याच्या पलीकडं मोठी जांभूळ हाय. तिच्याखाली अळंबी येते. कोणी खुडू नका. मी तिथं विष पुरलंय. हौसाला मीच ते खायला घातलं."

एका म्हाताऱ्याने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. मामाच्या आजाने जपलेली जागा आता सगळ्या वाडीला ठाऊक झाली होती.

मामी खाटेवरून त्याच्याकडे झुकली.

"एवढी वर्सं माला सांगितली नाय," ती म्हणाली, "नि आज गावाला सांगताय?"

मामा तिच्या पायांवर डोकं टेकून पुन्हा रडू लागला.

"बस झालं रडणं. उद्या दर्शना नेईल त्या डॉक्टराकडं, काय खाल्लं ते सांगू त्याला. आता पेज ठेवा चुलीवर. भूक लागलीय माला."

मामा उठला. जन्मात कधी चुलीपुढे न बसलेला माणूस, धुराने खोकत, डोळे पुसत पेज ढवळत बसला. पेज खाली लागली, करपली. मामीने नाक मुरडलं आणि वाटीभर संपवली.