पंपवाला मागं

बस गा शंतनू. शिवरंजनी, तू ते स्टूल घे, आन् शटर अर्धं खाली वढ. गार वारं लई सुटलंय. ब्रेक कसायला अर्धा तास लागंल, घाई करू नका.

पहाटं पाचला निघणार म्हणता? नळदुर्गच्या आतल्या सडकंनं? निघा की. झ्याक सडक हाय. गाडीघोडं कमी, दोन्ही बाजूला तूर आन् ज्वारी, मधी तीन चढ. पोटऱ्या भरतात पण दम तुटत न्हाय. आता पुण्याची माणसं मोटारीवर सायकली लादून येतात त्या सडकंला.

एक सांग शंतनू, पंप कुणाकडं हाय? तुझ्याकडं. आन् पुढं कोण ऱ्हाणार? तूच! वा रं पठ्ठ्या!

हसू नको. आपल्या मुरुमच्या सायकलवाल्यांना म्या एकच कायदा घालून दिलाय. पंपवाला मागं. का? पुढं कुणाचं बी चाक बसू दे, पंपवाला मागनं येतोच येतो. पंप पुढं गेला की मागचा मेला. मेला म्हंजे... आता तोंडातनं गेलंच तर ऐका. खरी गोष्ट हाय. ज्याच्यावर बेतली त्यानं ह्याच दुकानात, ह्याच पोत्यावर बसून सांगितलीय मला.

श्रीशैल मास्तर ठावं हाय न्हवं? त्यो आन् शरणव्वाचा लेक ईरण्णा, दोघं जिवाभावाचे. एका ताटात जेवायचे. दोघांनी माझ्याकडनंच सायकली घेतल्या. पंप श्रीशैलकडं असायचा. त्याच्या मुठीला म्या जुन्या ट्यूबची लाल पट्टी गुंडाळून दिली होती, घामानं हात सटकू नये म्हणून.

दोन येळवशींमागची गोष्ट. येळवशीचा, म्हंजे रानात पूजा-जेवण असतं त्या येळ अवसंचा आदला दिस, सांज झालेली, दोघं नळदुर्गहून परत येत होते. तिसऱ्या चढाच्या पायथ्याला श्रीशैल गेला पुढं. मोबाइलवर असतंय ना तुमचं ते, कोण किती मिंटात चढ चढला? त्याला पहिला नंबर पायजे होता. चढ लागला आन् मागं ईरण्णाचं चाक बसलं, हवा गेली. त्यानं हाळी दिली, "पंप!"

श्रीशैलला ऐकू आलं. चांगलं ऐकू आलं. त्यो वळून म्हणाला, "मी होतो पुढं, तू ये मागनं." वर पोचला. पहिला नंबर आला. त्याचा फोटू काढला, ग्रुपवर टाकला, शाबासक्या वाचत बसला. धा मिंटं गेली.

खाली ईरण्णा सडकंच्या कडंला चाक धरून बसलेला. उसाचा ट्रॅक्टर, मागं दोन ट्रॉल्या, दिवा एक बी न्हाय...

सायकल चारीत पडली, तिला ओरखडा न्हाय. ईरण्णा जाग्यावर गेला.

श्रीशैलनं समद्यांना सांगितलं, मला हाळी ऐकूच आली न्हाय. कोण विचारणार? शरणव्वानं तर त्याच्या डोक्यावरनं हात फिरवला. "तुला ऐकू गेलं असतं तर तू थांबला असतास लेकरा. तुझा काय दोष?" आता सांगा, असं म्हणणाऱ्या माउलीपुढं खरं कसं बोलायचं? त्यो वर्षभर आतल्या आत जळत ऱ्हायला. तिची समदी कामं करायचा, पण एक वाक्य तोंडातनं निघंना.

गेल्या साली येळवस तीस डिसेंबरला होती, सोमवारी. त्याच्या आदल्या रातीची, एकोणतीसची गोष्ट. शरणव्वाची बीपीची गोळी मुरुमात मिळंना, म्हणून श्रीशैल नळदुर्गला गेला. सायकलनंच. गोळ्या सांजच्या यष्टीनं आल्या. त्या खिशात घालून त्यो साडेआठला निघाला. येळवस म्हंजे अवस, चंद्राचा पत्ता न्हाय. पण सायकलीला दिवा होता, सडक पायाखालची होती. त्यानं मनाशी ठरवलं होतं, आज गोळ्या देताना शरणव्वाला खरं सांगायचं. मग तिनं मारू दे न्हाय तर दाराबाहीर काढू दे.

पहिला चढ झाला. दुसरा झाला. घड्याळात पावणेधा.

उताराला एक खड्डा हाय. तुम्ही पुढचे लोक मागच्यांसाठी वरडता न्हवं? त्याला तीच सवय. एकटा हाय हे इसरला आन् वरडला, "खड्डा!"

मागनं आवाज आला...

"व्हय."

शिवरंजनी, पाणी पी जरा. तोंड का उतरलं तुझं?

श्रीशैलनं कान दिला. वाटलं, रानातनं कुणी बोललं असंल. उद्या येळवस, रानात कडब्याच्या कोपी बांधून लोक असतात. पायडल मारत ऱ्हायला. मग सडकंवर आवाज यायला लागला. फट्... फट्... फट्.

बसलेल्या चाकाचा. चाळीस वर्सं ऐकतोय म्या त्यो आवाज. दुसऱ्या कशाचा असत न्हाय.

त्यानं जोर लावला. आवाजानं बी लावला.

त्यो हळू झाला. आवाज हळू.

तिसऱ्या चढाचा पायथा आला. तीच जागा. तीच बाभळ.

"पंप."

"मग?" म्हणतोस? का रं शंतनू, दम न्हाय का तुला?

श्रीशैल थांबला. एक पाय भुईला. मागं बघायची छाती झाली न्हाय. त्यानं पंप काढला. लाल पट्टीची मूठ मागं केली. तसाच धरून ऱ्हायला.

हाताला वजन लागत होतं.

मग... लागंना.

मागं फुस्स. जरा थांबून फुस्स. बैजवार, घाई न्हाय.

श्रीशैलला रडू फुटलं. म्हणाला, "ईरण्णा... म्या ऐकलं होतं रं."

फुस्स थांबलं.

रातकिडं बी थांबले.



मग अगदी कानापाशी, "तू हो पुढं."

लेकरांनो, त्याला म्हणायचं होतं, न्हाय जात, थांबतो. वर्षभर तेवढंच तर म्हणायचं होतं त्याला! पण भ्या वाईट. पाय आपसूक पायडलवर गेले आन् गडी चढ चढून वर गेला.

वर गेल्यावर मातर थांबला. जिथं फोटू काढला होता, तिथंच. खालनं ऐकू येत होतं. फुस्स... फुस्स.

मन म्हणत होतं, फीर मागं. अजून बी फीर.

तेवढ्यात खालनं ट्रॅक्टर चढाला लागल्याचा आवाज आला.

दिवा न्हाय. नुसता आवाज. जवळ येतोय...

श्रीशैल वरनं वरडला बी न्हाय. दोन्ही मुठी ब्रेकवर, उभा.

फुस्स... फु...

मग काय न्हाय. ट्रॅक्टर वर आलाच न्हाय.

चूक करायला सैतान लागत न्हाय रं पोरांनो. माणसाला दुसऱ्यांदा तीच येळ दिली, तर दुसऱ्यांदा बी त्यो तसाच वागतो. मला ह्याचाच लई राग येतो, आन् वाईट बी वाटतं.

अकराच्या सुमाराला त्यो शरणव्वाच्या दारात आला. ती जागीच होती, येळवशीच्या भज्जीसाठी, त्या मिसळीच्या भाजीसाठी, वाल-वाटाणे निवडत. लेक गेला तरी पाच माणसांची भज्जी करती ती बाई. भिंतीला खिळ्यांवर ईरण्णाची सायकल टांगलेली. तिनं कुणाला हात लावू दिला नव्हता. मागचं चाक बसलेलं होतं, तसंच वर्षभर बसलेलं.

श्रीशैलनं गोळ्या दिल्या. "अव्वा, एक सांगायचंय." तर तीच म्हणाली, "आरं, मघापासनं घरात फुस्स फुस्स कशाचं वाजतंय बघ बरं. मांजर म्हणावं तर मांजर न्हाय."

त्यानं भिंतीकडं बघितलं. मागचं चाक फुगलेलं दिसत होतं. गोल. भरलेलं. हात लावून बघितलं तर दगडागत.

काय सांगायचं होतं ते त्यानं सांगितलं न्हाय. आजतागायत न्हाय. शाळेला पायी जातो आता. शरणव्वा म्हणती, लेकरू माझ्यापायी झुरतंय. त्या येळवशीला त्याच्यासाठी बी तिनं एक ताट वाढलं. त्यो गेला न्हाय. पंप तर गेलाच, चारीत बी धुंडला, बाभळीखाली बी धुंडला.

सायकल तिला बघवंना, म्हणून माझ्याकडं आणून ठेवलीय. ती बघा, तुमच्या मागं, टायरींच्या वर. न्हाय, घाबरू नका. वर्ष व्हायला आलं, येळवस परत तोंडावर आलीय. म्या हवा भरलेली न्हाय. शंतनू, असा काय बघतोस? हातच्या काकणाला आरसा कशाला? ऊठ, मागचं चाक दाबून बघ.

टणक हाय?

आता अंगठा खाली सरकव. हळू. बाभळीचा काटा हाय तिथं, आरपार गेलेला. अजून काढला न्हाय कुणी.